एक वीत

हुडकेश्वर रोडवर रात्री अकरानंतर
आम्ही पांढरा रंग वितळवायचो.
पुढे सुखदेव हेडाऊ, दोरी धरून,
मागे मी, गाडा ढकलत.
रंग कसला, भुकटीच ती,
आणि तिच्यात काचेचे बारीक मणी:
हेडलाइट पडला की डोळे उघडतात.

सिमेंटचा रस्ता नवा होता तेव्हा.
घरांच्या ओट्यांहून उंच,
आणि सरळ, इतका सरळ
की शाळेपाशी उभं राहिलं
तर पुढच्या चौकातला तर्रीवाला
रश्शात पळी बुडवताना दिसावा.
दोन्ही कडेचे कडुलिंब टेंडरात गेले होते.
मेडिकलवाले नत्थूजी निखारे म्हणायचे,
"झाडं होती तवा पोट्टे चाळीसनं जायचे.
आता काय पाहून थांबतीन?"
जा, असं कोणी म्हटलं नव्हतं कोणाला.
रस्ताच म्हणत होता.

मे महिन्यात सिग्नलवर हिरव्या जाळ्या ताणतात.
अकरा महिने आमच्या थांबा-पट्टीवर
अख्खं चाक चढवून उभा राहणारा गडी
तेव्हा पट्टीच्याही मागे थांबतो,
जिथवर सावली आहे तिथवर.
लाल दिव्यानं जमलं नाही ते
जाळीनं केलं, न बोलता.

आणि त्या रात्री सुखदेवची दोरी सरकली.
मोतीबिंदू होता, त्यानं सांगितला नव्हता.
शाळेपुढचे तीनशे मीटर
पट्टा एक वीत अरुंद झाला.
मी म्हटलं, "काका, वाकडं गेलं."
तो म्हणाला, "राहू दे बे, कोण मोजते?"

सकाळी चहा घेत बसलो समोर.
बुलेटवाला आला भन्नाट, आणि तिथंच
त्याची मूठ सैल झाली.
मग एक छोटा हत्ती, संत्र्यांच्या पेट्या लादलेला.
मग स्कूल व्हॅन.
मग एक बाई, फोन खांद्यात दाबून; तीसुद्धा.
विचारलं असतं तर एकालाही सांगता आलं नसतं.
ठेंगण्या दारातून जाताना
बुटका माणूसही मान वाकवतो, तसं.

आठव्या दिवशी भुसारी साहेब टेप घेऊन आले.
साडेतीन मीटर पाहिजे, सव्वातीन भरलं.
बिल अडलं.
सुखदेव म्हणाला, "साहेब, इथं सारे हळू होऊन राहिले."
साहेब वाईट नव्हते. त्यांनी लिहून घेतलं,
"शाळेपुढे फलक लावणे."

मशीननं खरवडली पट्टी. नवी मारली, मापात.
फलकही लागला: वाहने सावकाश चालवा.
दोन महिन्यांत त्याचा खांब वाकला.
कोणी धडकलं, ते कळलं नाही.
शाळेनं फाटकाशी एक शिपाई उभा केला,
शिट्टी देऊन.

सिमेंटवर खरवडल्याचा वण मात्र राहतो.
संध्याकाळी उन्हं तिरपी झाली की दिसतो,
आणि एखादी जुनी लुना
अजून त्याच्या आतून जाते,
हळू,
जणू तिला कोणी सांगून ठेवलंय.

सुखदेवनं डोळा करून घेतला, आता घरीच असतो.
भेटलो की विचारतो, कुठवर आलं काम.
मी रस्त्याचं नाव सांगतो.
तो विचारतो, "शाळा आहे का तिथं?"

दोरी आता माझ्या हातात आहे.
माझे डोळे अजून चांगले आहेत.
हे मी साहेबांना सांगत नाही.