जांबोटीचा चिरा

शुक्र उगवला की भरमाण्णा
चिऱ्याच्या मशीनला डिझेल पाजतो.
"ती चांदणी? तिथं शिसं वितळतंय."
"का म्हणून?"
"पाऊस आटला. हवा धुवायला कोण नाही."

जांबोटीचा हा तांबडा दगडही
मूळचा काळा कातळ.
पाऊस आभाळातला कोळसा घेऊन
त्याच्यात शिरला, लाखो पावसाळे,
घाई न करता;
मलप्रभेनं ते ओझं समुद्रात नेऊन
शिंपल्यांत पुरलं.
मागं राहिला गंज.

मशीन धूर सोडतं.
भरमाण्णा खोकतो, टॉवेल झटकतो.
एव्हाना चांदणी पुसट झालेली.
"आन् ह्यो धूर मुरायला
किती पावसाळे रे?"

पातं चिऱ्यात उतरलेलं असतं.
ऐकू आलं नाही असं मी दाखवतो.