कोरडं वजन

आठवड्यातून तीनदा, चार-चार तास
तुमचं रक्त तुमच्या बाहेर असायचं
आणि त्याची राखण माझ्याकडे, सेन्योर बुलिच.
सुई टोचण्याआधी दंडावर बोट ठेवायचे मी,
कातडीखाली शीर गुणगुणायची
डबीत कोंडलेल्या भुंग्यासारखी.
इतक्या जवळून
मी माझ्या नवऱ्यालाही कधी ऐकलं नाही.

आणि तरी
कालाफातेच्या मुरंब्याची बाटली
तुम्ही पिशवीतून काढलीत तेव्हा
मी म्हणाले, नियम आहे.
चार तास ती खिडकीत उभी राहिली, जांभळी,
मागे सामुद्रधुनी फेसाळलेली,
मग तुमच्याबरोबरच घरी गेली.

तुम्ही मेंढ्या कातरायचात. दिवसाला दीडशे, म्हणायचात,
आणि एकीलाही नाव द्यायचं नाही,
नाव दिलं की हात कापतो.
हे तुम्हीच सांगितलेलं.
मग त्या मंगळवारी का म्हणालात,
"नेलिदा, ते अहो-जाहो पुरे आता. येर्को म्हण."
सुई काढलेल्या जागी मी पट्टी दाबून धरली होती.
दहा मिनिटं दाबावी लागते, जागचं हलता येत नाही.
दहा मिनिटं मी यंत्राकडे बघत राहिले.

मग किल्ली.
ऑक्टोबर होता. पुंता अरेनासात चौकाचौकांत दोर बांधले होते,
माणसांनी वाऱ्यात उडून जाऊ नये म्हणून.
तुमच्या छातीत पाणी भरलेलं, वरच्या मजल्यावर हलवणार होते.
तुम्ही किल्ली माझ्या तळहातावर ठेवलीत:
कुत्रीला दोन दिवस खायला घाल. टेकडीवर, पिवळं फाटक.
किल्ली गरम होती.
मी समाजसेविकेचा नंबर लिहिला, सुवाच्य अक्षरात,
आणि त्याच चिठ्ठीत गुंडाळून
किल्ली परत.
बरोबरच होतं ते.
आजही कुणी विचारलं तर बरोबरच म्हणेन.
नव्या मुलींना शिकवते तेही हेच.

दोन दिवसांचे अकरा झाले.
बाराव्या दिवशी यादीत तुमचं नाव नव्हतं.
तुमच्या खुर्चीत आता एक मास्तरीणबाई बसतात,
बर्फ चघळतात, कुणाशी बोलत नाहीत,
कोरडं वजन अठ्ठेचाळीस.
तुमचं एकसष्ट पूर्णांक चार.
सगळं पाणी काढून घेतल्यावर माणूस उरतो तेवढं.
ते मला पाठ आहे.

कुत्रीचं नाव माहीत नाही.
पत्ता फाइलीत आहे.
फाइल त्यासाठी नसते.

रविवारी मी टेकडीवरून घरी जाते, लांबच्या वाटेनं,
वारा असला की दोर धरून.
त्या उतारावर पिवळी फाटकं तीन आहेत.
मी थांबत नाही.
एकाच्या आडून कुणीतरी भुंकतं,
भुंकू दे.
खिशात पावाचा तुकडा असतो, तो माझाच,
वाटेत भूक लागते म्हणून घेतलेला.