आंबाडी

मंडळीनं पाकिटात शंभराची नोट दिली होती,
वर पाळकांच्या अक्षरात : मनुके, पाव किलो.
बारा वर्षं झाली,
महिन्याच्या पहिल्या रविवारआधी
जर्मनच्या गंजात काळे मनुके भिजवते मी,
पहाटे कुस्करते, उकळते, फडक्यातून गाळते.
द्राक्षाचा मळा अजून पाहिलेला नाही.
आमच्याकडं कापूस, तूर,
आणि धुऱ्यावर आंबाडी.

गुरुवारच्या थंडीत अनुग्रहची हाडं पुन्हा उठली.
तेरा वर्षांचं पोर गुडघे पोटाशी घेऊन,
तोंड भिंतीकडं.
"माय वं, आतून कोनी कापून राह्यलं."
त्याचा बाप हिंगणघाटच्या जिनिंगात, फोन लागेना.
मी तेल कोमट केलं, प्रार्थना म्हटली.
मग पुन्हा म्हटली, जरा मोठ्यानं,
जसं काही वरच्याला कमी ऐकू येतं.

सिकलसेलचं कार्ड दाखवलं की एसटी फुकट.
पण एसटी आठला
आणि दुखणं रात्री तीनला.
वासुदेव मडावीनं ऑटो काढला,
डिझेलपुरते दे म्हणाला, शंभर.
घरात दुसरी नोट नव्हती, हे खरं.
शेजारी मागितली असती तर मिळाली असती, हेही खरं.
मागायला तोंड उरलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईनं एकदा कागदावर काढून दाखवलं होतं :
सगळ्यांचं रक्त गोल, टिकलीसारखं,
याचं इळ्यासारखं वाकडं,
म्हणून वाटेत अडकतं.
जन्मभर इळा हातात धरला मी,
जवारी कापली, गवत कापलं,
तो पोराच्या अंगात कधी शिरला?
"माय आणि बाप, दोघांकडून येतं," ती म्हणाली.
"पाणी पाजत राहा. भरपूर."

शनिवारी रात्री घरी आलो.
पोर झोपलं. गंज रिकामा.
मोबाईलचा उजेड धरून
मिरगुबाईच्या धुऱ्यावर गेले,
आंबाडीची लाल बोंडं ओटीभर तोडली.
विचारून नाही.
उकळली तेव्हा असा रंग आला
की माझाच हात थांबला.
साखर मुठीभरच होती. ती टाकली.

एकोणीस माणसं, पत्र्याखाली.
पाळकांनी पहिला घोट घेतला,
डोळा बारीक झाला, पण वचन तुटलं नाही.
दाऊदभाऊ नंतर पायरीवर म्हणाले,
असं नियमात बसत नाही.
आणि मार्थाआजी, जिला दात नाहीत,
ओठ पुसत मोठ्यानं बोलली,
"त्याले बी मरतेवेळी आंबच पाजली होती न बापा."
कोणी हसलं. कोणी खाली पाहिलं.

मी पाळकांना सगळं सांगितलं,
ऑटोचं, नोटेचं, धुऱ्याचं.
त्यांनी चप्पल शोधता शोधता ऐकलं
आणि विचारलं, पोराचं कसं आहे आता?
एवढंच.
मला तर चार शब्द ऐकून घ्यायचे होते.
घरी येताना ते न मिळालेले शब्द
मीच मला पुरवले.

उरलेलं निंबाच्या बुडाशी ओतायचं असतं.
मी ओतलं नाही.
अनुग्रह अजून मंडळीत घेतलेला नाही,
प्याल्याला त्याचा हात लागायचा नाही, माहीत आहे.
पण त्याला पाजायचं होतं, भरपूर.
ग्लासात ओतलं, त्यानं पिऊन तोंड वाकडं केलं,
"लई आंबट हाय,"
आणि बोटानं तळ चाटला.
प्रभू, तुझ्या वहीत याचं काय लिहायचं ते लिही.
मी सगळं कबूल करते,
हे तेवढं करत नाही.

सोमवारी वेचणी. किलोमागं नऊ रुपये.
मिरगुबाईच्या धुऱ्यावरून जाताना
बोंडांच्या जागी उघडे देठ दिसले,
दव बसलेले.
ती पुढं चालत होती, डोक्यावर गाठोडं,
पोराची विचारपूस करत.
"बरं आहे," म्हटलं मी.
बाकीचं अजून सांगितलेलं नाही.