खुणेवर खूण

साक्री रोडला, टायरवाल्याच्या पलीकडे,
दुपारी तीनला पत्र्याखाली
पान्यालासुद्धा फडकं गुंडाळून हात लावावा लागतो.
तेव्हा आल्या प्रमिला देसले मॅडम,
शिंदखेड्याहून, गाडी बंद न करता.
"बंद करी का परत चालू व्हत नही."
डावा पाय लहानपणीच वाळलेला,
म्हणून बिनक्लचची घेतलेली,
जुनी, तरी हप्ते अजून चौदा.

कुणी सांगितलेलं : गिअरबॉक्स गेला, ऐंशी हजार.
गिअरबॉक्स गेलेला नव्हता.
दांडा P वर ठेवून किल्ली फिरवली.
टिकसुद्धा नाही.
N वर नेऊन जरा रेटून धरला. लागली.
मीटरवर अक्षराची जागा रिकामी.
दांडा जागेवर, केबल जागेवर, आतले दाते जागेवर,
फक्त तू आत्ता कुठे उभी आहेस
हे गाडीला सांगणारं कुणी नाही.

बंपरला एक खोक. खोकीत हिरवा रंग.
आणि बॅटरीखाली, काळ्या टेपात,
एकमेकींना पिळलेल्या दोन वायरी.
टेप वाळून सुटलेली.
"डायरेक्ट केलीय कुणीतरी," नझीर म्हणाला,
"परत पिळून देऊ, दोन मिनिटं."

मॅडम आमच्या कोपऱ्यातल्या कोरड्या हापशीकडे बघत होत्या.
"शाळानी हापशी," त्या म्हणाल्या.
"दांडा D वर व्हता. माले माहीतच नही.
रविवार व्हता."

नझीरने पक्कड खाली ठेवली.

स्विच सुरतेहून मागवला.
तिसऱ्या दिवशी लक्झरीच्या डिकीतून उतरला,
नंदुरबारच्या मिरचीखाली दबून आलेला.
खोकं उघडलं आणि आम्ही दोघं शिंकत सुटलो.

हातब्रेक, चाकांना विटा,
बॅटरीची उणे तार सगळ्यात आधी.
फिल्टरच्या डब्यात जिनिंगवरचा कापूस, मूठभर.
केबलची नट निघाली, लिव्हर निघाली,
दहाचे दोन बोल्ट, त्यातला एक गंजून बसलेला.
त्याला तेल पाजलं, आम्ही चहा पाजून घेतला,
शिव्या दिल्या, परत तेल.
संध्याकाळी पाचला तो कुरकुरत हलला.

जुना स्विच तळहातात मावला.
आतल्या तांब्याच्या पट्ट्या
घासून घासून काळ्या पडलेल्या,
P ची तर दिसतच नव्हती.

नवा बसवताना घाई चालत नाही.
दांडा N वर. बोल्ट नुसते टेकवलेले.
स्विचच्या अंगावर एक बारीक रेघ,
वॉशरला एक खाच,
ती हिच्यासमोर यायला हवी.
पहिल्यांदा केसभर चुकलो.
N वर असतानाच नझीर मागून ओरडला,
"उस्ताद, रिव्हर्सचा पेटलाय!"
पुन्हा ढिलं केलं.
रेघेवर घाम पडला, पुसला.
श्वास धरून, अंगठ्याने,
तीळभर डावीकडे.

मग P वर लावली. लागली.
N वर लागली.
आणि D वर ठेवून किल्ली फिरवली :
काही नाही. पंख्याचा आवाज, रस्त्यावरचा ट्रक,
गाडी गप्प.
गाडी चालू न होण्याचा एवढा आनंद
या धंद्यात पहिल्यांदाच झाला.

मॅडमना बसवलं. त्यांनी D वर लावून बघितली.
परत बघितली. परत.
"आता किल्ली झिजेल, मॅडम."
त्या हसल्या नाहीत.
चौथ्यांदा D. गप्प.
तेव्हा कुठे P वर घेऊन चालू केली,
आणि R टाकल्यावर मागचा पांढरा उजेड
रद्दी टायरांवर पडला, हापशीवर पडला,
आणि हळूहळू मागे सरकत रस्त्यापर्यंत गेला.

जुना स्विच नझीरने मागून घेतला.
"कशाला रे?"
"असाच."
रात्री शटर ओढताना बघितलं :
पायरीवर बसून तो बोटाने फिरवत होता,
खट, खट, खट,
आणि प्रत्येक खटकीला थांबून
कान देत होता.