दुमडीतला निळा

सहा बशा होत्या. आता चार.
दोन मालूताईकडे फैजपूरला,
एक नलूच्या शोकेसमध्ये, नंदुरबारला,
आणि एक, तडा गेलेली, माझ्याकडे,
भुसावळला, जिथून त्या निघाल्या.

गार्ड रॉबर्टसन क्वार्टर सोडून गेला
तेव्हा व्हरांड्यात मांडून विकलं त्यानं सगळं:
पलंग, पोपटाचा पिंजरा, ग्रामोफोनचा नुसता भोंगा.
अण्णांनी सायकलीसाठी साठवलेल्या पैशांत
या बशा आणल्या, पोत्यात गुंडाळून,
आणि पुढची चार वर्षं लोको शेडला चालत गेले.
आई आठ दिवस बोलली नाही त्यांच्याशी.
नवव्या दिवशी तिनं एका बशीत चहा ओतला
आणि न बोलता पुढे सरकवली.

आता नातीसाठी गोधडी घेतली आहे शिवायला.
चौकोन मांडले, मोडले. त्रिकोण मांडले,
ते पतंगासारखे दिसायला लागले.
दुपारी हात कापडाला चिकटतो इतका मे,
म्हणून पहाटे चारला गच्चीवर बसते
आणि सुचत काहीच नाही.
मग एकदा दुधावर झाकायला बशी उचलली
आणि दूध तसंच उघडं राहिलं.

काठाला वेल. तिला पानं आहेत, फूल नाही.
मध्ये पूल, पुलाखाली पाणी नाही.
आणि तो पक्षी,
चहा संपत आला की तळातून वर यायचा तो.
मालूताई म्हणते पोपट. नलू म्हणते खंड्या.
माझ्या बशीत तडा नेमका त्याच्या शेपटीतून गेलाय,
म्हणून नलूला फोन केला, शेपूट कुठे वळते गं?
तिनं काचेबाहेरूनच फोटो काढून पाठवला:
शेपटीच्या जागी ट्यूबलाइट,
आणि बशीभर नलूच.

मालूताईनं भाच्याहाती कागद धाडला,
केळीच्या काट्याच्या पावतीमागे गिरवलेला,
पुलाला तीन कमानी, वेलीला सतरा पानं.
एका पानावर हळदीचा डाग होता.
नक्षीतला की स्वयंपाकातला, विचारलं नाही,
तिथे एक पिवळी गाठ घातली.

निळा मात्र मिळेना.
जळगावला फुले मार्केटात बशी घेऊन गेले,
ठाणामागून ठाण तिच्या काठाला लावून पाहिलं.
दुकानदार म्हणाला, बाई, लोक ब्लाउज आणतात मॅचिंगला.
एक जांभळ्याकडे जायचा, एक शाळेच्या गणवेशाकडे,
एकाला नीळ जास्त झालेल्या धोतराची कळा.
बस स्टँडवर उसाचा रस पिऊन परत आले.

आईचं एक पातळ अस्तरासाठी काढून ठेवलेलं.
नेसून, धुऊन, उन्हात पडून राखेच्या रंगाचं झालेलं.
खालची शिवण उसवली तर
दुमडीच्या आत बोटभर पट्टी
तशीच,
बशीइतकी निळी.
चाळीस वर्षं तिथे ऊन पोचलं नव्हतं.
ती पट्टी पुरली पक्ष्याला आणि अर्ध्या वेलीला.
उरलेली वेल मी राखेच्या रंगात जाऊ दिली.

बशीच्या बुडाला एक मुकुट आहे, खाली पुसट अक्षरं.
कोणालाच वाचता आली नाहीत ती.
गोधडीच्या मागच्या कोपऱ्यात तीही घातली,
जशी दिसली तशी, चुकली असतील तर चुकू देत.

राहिला तडा.
दोन दिवस सुई घेऊन त्याच्याकडे बघत बसले.
चहा मुरून तो तपकिरी झालाय, केसाएवढा,
काठावरून निघतो, पूल ओलांडतो, शेपटीत थांबतो.
शेवटी एकेरी दोरा घेतला, चहाच्याच रंगाचा,
धावदोऱ्यानं नेला, कुठेही न ओढता.

परवा दोघी आल्या होत्या.
गोधडी दिवाणावर पसरली.
नलूनं मुकुट पाहून हसून घेतलं.
मालूताईनं पक्षी पाहिला, बोलली नाही,
हळदीची गाठ पाहिली, बोलली नाही.
मग बोट ठेवलं काठाला
आणि त्या तपकिरी दोऱ्यावरून चालत गेली
हळूहळू, पुलापर्यंत, शेपटीपर्यंत,
एकाहत्तर वर्षांची बाई,
आणि वर न बघता म्हणाली,
बेबे, म्या नव्हती फोडेल ती बशी.

कोणी विचारलंच नव्हतं.
मी चहा ठेवायला उठले.