झाडाला घातलेली गळ

मुंगीकाका माशा बांधायचे.
हे वाक्य मी शाळेत म्हटलं तेव्हा सगळा वर्ग हसला.
पण आडनावच होतं ते त्यांचं,
मिलच्या हिशेबखात्यातलं, राजवाड्यामागच्या गल्लीतलं.
आकड्यावर राणीपुऱ्यातल्या कोंबड्याचं पीस,
माहेश्वरी लुगड्याच्या पदरातला हिरवा दोरा,
वर काडीने टेकवलेला लाखेचा ठिपका,
झाली माशी.
छडी महूच्या लिलावातली, कुणा मेजरची.
मुठीवर त्याच्या अंगठ्याचा खळगा अजून होता,
काकांचा अंगठा त्यात कधीच बसला नाही.

रविवारी अंधारातच सायकली, हातोद, यशवंत सागर.
काका मनगट मागे न्यायचे,
दोर हवेत एक लांबलचक ळ काढायचा
आणि पाण्यावर उतरायचं सोडून
शिरायचा मागच्या बाभळीत.
"शिंकली," काका म्हणायचे.
एवढंच.

मग खरं काम.
ओढायचं नाही. ओढलं की आकडा लाकडात घर करतो.
दोर सैल सोडायचा,
झाडाला वाटलं पाहिजे आपण नाद सोडला.
वळसा घालून पलीकडे जायचं
आणि जिकडून गेली त्याच वाटेने
तिला हळू मागे बोलवायचं.
नाहीच आली, तर सुतळीला नट बांधून फांदीवरून फेकायचा.
फांदी वाकते,
लग्नघरात एखादी जाडजूड आत्या
कानात काही सांगायला वाकते तशी.
तेही नाही, तर मी.
चौदा वर्षांचा, मांडीत काटे, दातांत अर्धं ब्लेड.
"पाण्यात टाकतो तो गळ,"
खालून, मान वर करून, व्याकरण चालायचं,
"झाडाला घालतो ती गळ.
दुसरीला वेळ लागतो."

एकदा करंजात खंड्या लटकलेला दिसला,
दुसऱ्याच कुणाच्या तंगुसात.
वाळलेला. निळा मात्र तसाच.
त्या दिवशी छडी पिशवीतून निघाली नाही.
उन्हं कलेपर्यंत आम्ही परक्यांचे गळ उतरवले,
सतरा,
आणि डबा न उघडता घरी आलो.

वहीत रकाने तीन: नेल्या, आणल्या, मासे.
मासे बहुतेक कोरे.
पहिले दोन जुळले की खाली दुहेरी रेघ,
काका तृप्त.
एकदाच जुळले नाहीत.
नेल्या बारा, आणल्या अकरा.
शेरा: अर्जुनसादडा, पूर्वेची फांदी, हाताबाहेर.
पाणी चढेल तेव्हा पाहू.
येणे बाकी.

पाणी तेवढं चढलंच नाही कधी.
मिल बंद पडली. काका मुलाकडे होसूरला गेले,
छडी नि वही माझ्याकडे ठेवून,
तात्पुरती, म्हणाले.

या भाद्रपदात तलाव अर्जुनाच्या कमरेला लागला.
छोगालालच्या डोंगीतून गेलो.
"झाड पे कंई मच्छी पकड़ोगा, भिया?"
मी काही बोललो नाही.
फांदी नाकासमोर होती.
जिच्यासाठी मी दोनदा पडलो होतो
तिच्याखाली मी बसूनच होतो, मांडी घालून.
पीस कधीच गेलेलं. आकडा बोटात भुगा झाला.
गाठ होती,
लाखेखाली जेमतेम हिरवी,
अर्धी सालीने आत घेतलेली.
मी दोन बोटांत धरली,
आणि ओढली नाही.

रात्री फोन लावला.
"सापडली."
"आणलीस?"
"नाही. झाडाने धरलीय."
तिकडे कुकरची एक शिट्टी. मग दुसरी.
"बुडीत नको लिहूस," काका म्हणाले,
"झाडाच्या नावे टाक."
आणि थांबून,
"रिळाला तेल घालतोस ना रे?"