चौथा ठोका

मनगटाच्या आत, करंगळीच्या बाजूला,
दोन चिकट चकत्या लावते.
स्पिरिटने दोनदा पुसलं तरी
चुलवाणाच्या धगीत चाळीस वर्षं भाजलेली ही कातडी
चकती पटकन धरत नाही.

आण्णाप्पा मगदूम. वय एकसष्ट. मुक्काम कोगे.
पित्ताशयात खडे.
काल तपासणीला आले तेव्हा म्हणाले,
"चाळीस हंगाम काहील उतरवली, बाई.
एक रवा करपला न्हाई, एक पातळ न्हाई."
मी विचारलं, थर्मामीटर वापरता?
त्यांनी उजव्या हाताचा अंगठा पुढे केला,
ओळखपत्र दाखवावं तसा.
पाकाचा थेंब गार पाण्यात सोडायचा,
बोटात घेऊन गोळी फिरवायची.
"आधी अंगठ्याला कळतंय.
आपल्याला मागनं."

आता तोच अंगठा
हिरव्या कापडाबाहेर, फळीवर,
एकटा.
झोप लागली आहे. जागेपणी हे झोंबतं,
म्हणून बटण आत्ता दाबते.
टक टक टक टक.
चारदा वळतो तळव्याकडे,
चारही वेळा सारखाच,
दिसत नाही अशी गोळी फिरवत.

मग शिरेतून ढिलाईचं औषध.
शिकायला आलेल्या पोरांना दर वेळी बजावते,
ही झोप नव्हे.
झोप द्यायला विसरलात
तर माणूस आत टक्क जागा राहील
आणि त्याची पापणीसुद्धा
त्याच्या बाजूने साक्ष देणार नाही.

चौथा ठोका आधी जातो.
तिसरा. दुसरा.
पहिला थोडा रेंगाळतो, उंबऱ्यात चप्पल शोधत असल्यासारखा,
मग तोही.
"छान मऊ झालंय पोट," डॉक्टर हुक्केरी म्हणतात.

एकोणीस वर्षांपूर्वी, गंगावेशीतली रुक्साना मुजावर.
रात्रीचे अडीच.
यंत्र होतं. कपाटात. सेल संपलेले.
मान उचला म्हटलं, उचलली.
हात दाबा म्हटलं, दाबला.
नळी काढली मी.
दहा मिनिटांनी बाहेरच्या खाटेवर
तिचे डोळे सताड माझ्याकडे,
छाती वर जायची तेव्हा पोट आत,
आणि ओठांचा रंग
वांग्यासारखा होत चाललेला.
पाऊण तास तिचा श्वास मी पिशवीने घेतला.
वाचली.
टाके काढायला आली तेव्हा शेपूची जुडी घेऊन आली होती.
रागावली नव्हती. फक्त म्हणाली,
"किती हाका मारल्या तुम्हाला. ऐकू न्हाई आल्या?"

पित्ताशय बाहेर. सहा खडे, एक तांबूस.
शेवटचा टाका पडतो.
बाहेर पुढचा पेशंट स्ट्रेचरवर,
कुणीतरी दोनदा डोकावून गेलंय.
उतारा दिलाय.
अंगठ्यात पहिला परततो, मग दुसरा,
मग मोजून चार.
"चार आले की, मॅडम. उठवू या?"
डोळ्यांना चारही सारखेच दिसतात.
डोळ्यांचं काही खरं नाही.
पडद्यावर चौथा अजून
पहिल्याच्या सत्तर टक्के.

थांबा.

हुक्केरी घड्याळ बघतात, हातमोजे काढतात.
रस उसळत असताना, मागून जाळवाला ओरडत असताना,
गुऱ्हाळावर सगळे काठीला हात लावून उभे असताना
हा माणूस म्हणत असेल तेच म्हणते,
आणि एक उकळी.

शहात्तर.
त्र्याऐंशी.
कुणी काही बोलत नाही. सक्शनचा आवाज.
एक्क्याण्णव. ब्याण्णव.
पुन्हा दाबते. ब्याण्णव.

नळी काढली. खोकला, तोही दणकट.
चकत्या सोलल्या तिथे
मनगटावर दोन फिकट गोल राहिले.
बराच वेळ घोगरं काहीतरी पुटपुटत होते.
मी कान खाली नेला.
"उतरली का?"

उतरली म्हटलं, आण्णा.
वेळेवर उतरली.